रात्रीचा ओटा राहू द्या, आधी दहा मिनिटं चालून या

वाचकाचं पत्र :

"मी 54 वर्षांची, नाशिकच्या सिडकोत राहते. गेल्या महिन्यात तपासणी केली. उपाशीपोटी साखर 112, जेवणानंतर 168 आणि एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी, 6.2 आली. डॉक्टर म्हणाले, सध्या गोळी नको, तीन महिने रोज चाला, मग बघू. पण चालायचं कधी? पहाटे पाचला पाणी येतं. मिस्टरांची सातपूरच्या कंपनीत सातची पाळी, म्हणून सहाच्या आत डबा. मग सासूबाईंचं चहा-पाणी, नाश्ता, घंटागाडी, धुणं. मुलाने पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलंय. ते सांगतं रोज दहा हजार करा. माझी साडेपाच हजारांपुढे जात नाहीत. रात्री तो आकडा बघून रडू येतं. दिवसभर मी घरात पायांवर उभीच असते, ते चालणं नाही का? डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. शेजारच्या वहिनी म्हणतात, चालून आणखी झिजेल. आमच्या गल्लीतल्या बायका मात्र रविवारी पांडवलेणी चढायला बोलावतात. जाऊ का? आणि सासूबाई म्हणतात, जेवल्याबरोबर चालायला जायचं नसतं, पोटात दुखतं. कुणाचं ऐकू?"

ताई,

आधी ते घड्याळ काढून ठेवा, निदान या तीन महिन्यांपुरतं तरी. मुलाने मायेने आणलंय, तेव्हा त्याला नीट समजावून सांगा. पण जो आकडा तुम्हाला रोज रात्री रडवतो, तो आला कुठून हे तुम्हाला माहीत असायला हवं. 1964 साली टोकियोत ऑलिंपिक झालं. जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं, आणि 1965 मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं, पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होती. कुणाचं रक्त तपासून, कुणाचं हृदय तपासून ठरवलेला तो आकडा नव्हता. यंत्र खपलं आणि आकडा जगभर गेला.

खरी मोजणी पुष्कळ नंतर झाली. अमेरिकेत 16,741 वयस्क बायकांची पावलं यंत्राने मोजून केलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बायकांचं सरासरी वय होतं 72. दिवसाला 2,700 च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चारेक वर्षांत मृत्यूचं प्रमाण 41 टक्क्यांनी कमी निघालं. साडेसात हजारांपर्यंत फायदा वाढत गेला, त्यापुढे फारसा नाही. आता, जिची तब्येत मुळात धड तीच बाई जास्त चालते, त्यामुळे सगळं श्रेय पावलांना देता येणार नाही. पण तुमची साडेपाच हजार पावलं कमीपणा वाटून घेण्यासारखी नाहीत, हे मात्र नक्की. तुमच्या बाबतीत पावलं किती यापेक्षा ती केव्हा पडतात आणि कशी पडतात, हे जास्त महत्त्वाचं आहे.

घरकामाचा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. दवाखान्यात "चालायला जा" म्हटलं की किती तरी बायका हेच म्हणतात : "डॉक्टर, मी बसते कधी?" आणि त्या खोटं बोलत नसतात. खाली बसून फरशी पुसणं, हाताने धुणं पिळणं, भरलेली बादली जिन्याने वर नेणं यात छातीचे ठोके वाढतात. ते सगळं व्यायामातच जमा. पण दिवसातला मोठा वेळ जातो तो ओट्यासमोर, आणि तिथलं गणित वेगळं आहे. पोळ्या लाटताना खांदे आणि मनगटं राबतात, पाय मात्र एका जागी रोवलेले. गॅसपासून सिंकपर्यंत दोन पावलं, सिंकपासून फ्रिजपर्यंत चार, की परत गॅससमोर. चालताना दर पावलाला पोटरी आवळते आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलते. नुसतं उभं राहिलं की हे ढकलणं मंदावतं, रक्त खाली साचतं. संध्याकाळी घोट्याशी सूज येते, जोडवी बोटात रुततात, पोटऱ्या ठणकतात, ते यामुळे. म्हणजे कामाने तुम्ही दमता, खऱ्याखुऱ्या दमता, पण हृदयाला आणि मांड्यांना जो व्यायाम हवा तो त्यातून थोडाच मिळतो. म्हणून वेगळं चालणं लागतं. तुम्ही आळशी आहात म्हणून नव्हे.

आता तुमच्या रिपोर्टकडे येऊ. एचबीएवनसी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, 6.5 पासून पुढे मधुमेह. तुम्ही 6.2 वर आहात. देशात या उंबरठ्यावर किती माणसं असतील? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा अंदाज 13.6 कोटी निघाला, आणि मधुमेह झालेले 10.1 कोटी. एवढ्या लोकांत तुम्ही एक, त्यामुळे 'मलाच का' असं वाटून घेऊ नका. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, हे आपल्याच देशात पाहिलं गेलंय. चेन्नईच्या संशोधकांनी तुमच्यासारख्याच, साखर वाढलेल्या पण मधुमेह न झालेल्या 531 जणांवर काम केलं. त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडून दिलं, त्यांच्यातल्या शंभरातल्या 55 जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांचं खाणं सुधारलं आणि ज्यांना रोज अर्धा तास भरभर चालायला लावलं, त्यांच्यात हेच प्रमाण 39 वर आलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ते 40 च्या आसपास होतं. म्हणजे चालणं आणि ताट सांभाळणं हे गोळीच्या तोडीस तोड ठरलं. तुमच्या डॉक्टरांनी तीन महिने दिले ते उगाच नाही.

पण तो अर्धा तास सकाळीच, बूट घालून, जॉगिंग ट्रॅकवर जाऊनच घालवायचा, असं कुठे लिहिलंय? नाशिकमध्ये चालणं म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पहाटेचं गोल्फ क्लब मैदान, कृषिनगरचा ट्रॅक, गंगापूर रोडला सोमेश्वरकडे निघालेले घोळके. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं. पण पाचला पाणी आणि सहाला डबा असलेल्या बाईला हे चित्र दाखवलं, की तिला वाटतं चालणं आपल्यासाठी नाहीच. तुमच्या सकाळीत तो अर्धा तास नाही, आणि तो ओढूनताणून काढूही नका. झोप कापून चालायला गेलात तर साखरेच्या दृष्टीने एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने जाईल.

तुमच्यासाठी मी सांगेन ते असं : अर्ध्या तासाचे तीन तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा खाण्यानंतर ठेवा. सकाळच्या नाश्त्यानंतर दहा मिनिटं, दुपारच्या जेवणानंतर दहा, रात्रीच्या जेवणानंतर दहा.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे कंटाळा आला तरी मोडणार नाही. जेवल्यावर तास-दीड तासात रक्तातली साखर चढते. तुमच्या शरीरात इन्सुलिन (साखर पेशींत शिरायला मदत करणारं संप्रेरक) आहे, पण पेशी त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून चढलेली साखर लवकर उतरत नाही. तुमचा 168 चा आकडा तेच सांगतो. पण स्नायू काम करू लागला की इन्सुलिनची वाट न बघता तो रक्तातली साखर आत ओढतो. साखर आत घेणारी प्रथिनं एरवी पेशीच्या पोटात असतात, ती स्नायू आवळला की काठावर येतात. मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू शरीरातल्या मोठ्या स्नायूंपैकी, आणि चालताना नेमके तेच कामाला लागतात. साखर चढत असतानाच त्यांना कामाला लावलं तर ती तितकी वर जातच नाही.

न्यूझीलंडमध्ये मधुमेह असलेल्या 41 जणांवर हे पडताळलं गेलं. त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना काही दिवस रोज कधीही सलग 30 मिनिटं चालायला सांगितलं, आणि काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर 10 मिनिटं. वेळ तेवढाच, पण जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्क्यांनी. रात्रीचाच फरक मोठा का, तर आपलं रात्रीचं जेवण बहुधा सगळ्यात भरपेट असतं, आणि त्यानंतर आपण टीव्हीसमोर बसतो नाहीतर आडवे होतो.

म्हणजे तुमच्या दिवसातली सगळ्यात मोलाची दहा मिनिटं आहेत रात्रीच्या जेवणानंतरची. आणि नेमकी तीच तुम्हाला मिळत नाहीत. मी अंदाजाने लिहितेय, पण फारसा चुकणार नाही : सगळ्यांची जेवणं होतात, मिस्टर बाहेरच्या खोलीत जाऊन बसतात, मुलगा मोबाइल घेतो, सासूबाई अंथरुणाकडे वळतात. तुम्ही उठता, उरलेली भाजी लहान भांड्यात काढता, खरकटं गोळा करता, भांडी घासता, ओटा पुसता, सकाळच्या डब्यासाठी मटकी भिजत घालता, दूध फ्रिजमध्ये ठेवता. हे सगळं होईपर्यंत साखर चढून, रेंगाळून, उतरायलाही लागलेली असते. मग हात पुसत तुम्ही बाहेर येता आणि घड्याळात साडेपाच हजार बघता.

ताई, तो ओटा राहू द्या. दहा मिनिटं खरकटी भांडी सिंकमध्ये पडून राहिली तर काही बिघडत नाही. ताट उचललं, हात धुतला, पाच-दहा मिनिटं टेकलात, मग चपला नव्हे, बूट घातले, आणि दाराबाहेर. दूध उतू जात असलं तरी दुसरं कुणी तरी बघेल. मला ठाऊक आहे हे लिहिणं सोपं आहे आणि पहिले आठ-दहा दिवस करणं फार कठीण. मागे पसारा ठेवून घराबाहेर पडणं आपल्या बायकांच्या अंगवळणी नाही. कुणी काही बोललं नाही तरी आपल्यालाच टोचतं. टोचू द्या. या वयात मधुमेह जडला तर पुढची वीस-पंचवीस वर्षं डोळे, मूत्रपिंडं, पाय या सगळ्यांची चिंता मागे लागते. त्यापुढे ओल्या ओट्याची काय किंमत?

हे उत्तर मिस्टरांना आणि मुलाला वाचायला द्या. दादा, तुम्हालाही सांगते : रोज सहाच्या आत भरलेला डबा हातात मिळतो, त्यामागे पहाटे पाचपासूनचं उभं राहणं असतं. रात्रीची भांडी घरातल्या दुसऱ्या कुणी घासली तर बायकोच्या औषधाचा तो अर्धा भाग आहे असं समजा. आणि तुम्हीही जेवून तसेच बसू नका, तिच्याबरोबर चाला. नियमित चालण्याने वरचा रक्तदाब सरासरी चारेक अंकांनी उतरतो, हे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिलेलं आहे. पाळीत काम करणाऱ्या, दिवसभर यंत्रासमोर उभ्या किंवा बसलेल्या पुरुषांना त्याची गरज बायकांपेक्षा कमी नाही.

सकाळच्या दहा मिनिटांसाठी घंटागाडीचा उपयोग करून घ्या. कचऱ्याची बादली घेऊन तुम्ही खाली उतरताच. आधी नाश्ता करून घ्या (सगळ्यांचं आटोपल्यावर अकराला उभ्याउभ्या दोन घास, हे बंद करा), गाडीत कचरा टाका, बादली जिन्याखाली ठेवा आणि घरात न शिरता पुढे निघा. भाजी आणायची असेल तर पवननगरच्या बाजारापर्यंत चालतच जा, स्कूटीवर नको. दुपारचं जरा अवघड आहे. मार्चनंतर नाशिकचं ऊनही चटके देतं, तेव्हा दुपारी बाहेर पडूच नका. घरातल्या घरात, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या मारा, किंवा इमारतीच्या सावलीत. फोनवर बहिणीशी बोलायचं ते चालता चालता बोला. दुपारचं चुकलं तर चुकू द्या, रात्रीचं चुकवू नका. रोज तिन्ही वेळा झालं तर आठवड्याची 210 मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम सांगते, त्यात तुम्ही आरामात बसता.

मध्यम गती म्हणजे किती? चालताना बरोबरच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं सहज म्हणता येत असेल तर तुम्ही रमतगमत चालताय. बोलताना वाक्य तुटत असेल तर जरा जास्तच पळताय. साधारण मिनिटाला शंभर पावलं. पंधरा सेकंदांत पंचवीस मोजून पाहा, दोन-चार दिवसांत अंदाज येईल. पूर्वीपासून आपल्याकडे शतपावली आहेच, तिला फक्त जरा गती द्यायची आणि शंभरावर थांबायचं नाही.

सासूबाईंचं म्हणणं झटकून टाकू नका. भरपेट जेवून लगेच झपाझप चाललं तर पोटात कळ येते, आंबट वर येतं, हा अनेकांचा अनुभव आहे. म्हणून हात धुतल्यावर पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, पहिली दोन-तीन मिनिटं सावकाश चाला, मग गती घ्या. रात्री दोन घास कमी जेवलात तर तेही साखरेला बरंच. आणि सासूबाईंनाही दारातल्या दारात दोन फेऱ्यांसाठी हात धरून बाहेर काढा. त्यांच्या वयात पडणं हाच सगळ्यात मोठा धोका असतो, आणि पाय चालते राहिले तर तोल टिकतो.

आता एक गोष्ट मी सगळ्याच वाचकांसाठी लिहिते, आणि ती नीट वाचा. जेवल्यानंतर चालताना किंवा थंडीत चढ चढताना छातीवर दाब आल्यासारखं, जळजळल्यासारखं वाटलं, जबड्यात, खांद्यात किंवा हातात दुखणं उतरलं, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, दरदरून घाम आला, तर तिथेच थांबा, बसा. थांबल्यावर बरं वाटलं म्हणून 'गॅस असेल' असं म्हणून सोडून देऊ नका. चाललं की येतं आणि थांबलं की जातं, ही हृदयाच्या दुखण्याचीच खूण असू शकते. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. थांबूनही दुखणं गेलं नाही तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. बायकांमध्ये हे दुखणं पुष्कळदा छातीत न जाणवता नुसता थकवा, मळमळ किंवा पाठदुखी म्हणून येतं, आणि घरकामात ते दाबलं जातं.

गुडघ्याविषयी. चालल्याने गुडघा झिजतो ही समजूत इतकी घट्ट आहे की ती काढायला मला दवाखान्यात फार वेळ लागतो. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांध्यात जे वंगणासारखं पाणी असतं, त्यातूनच तिचं पोषण होतं, आणि ते पाणी आत-बाहेर व्हायला पावलागणिक दाब पडणं आणि सुटणं लागतं. पाय हलवलाच नाही तर कूर्चा उपाशी राहते आणि मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो. तो स्नायू ढिला पडला की सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखणं वाढतं. सपाट रस्त्यावर बेताने चालणं हे संधिवाताच्या गुडघ्यालाही मानवतं. वहिनींना हे सांगा, त्यांनाही बरोबर घ्या.

जिना उतरताना दुखतं याचा अर्थ बहुधा तोच स्नायू कमजोर झालाय. त्यासाठी एक सोपी गोष्ट करा. स्वयंपाकघरातली न सरकणारी, टणक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यावर बसा, हात छातीवर घ्या आणि हात न टेकता सावकाश उठा, तितक्याच सावकाश बसा. खाली बसताना धप्पकन अंग सोडू नका, खरा व्यायाम तिथेच आहे. पहिल्या दिवशी पाच वेळाच जमेल, तेवढं पुरे. हळूहळू दहावर न्या, दिवसातून दोनदा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होऊन जातं. चालल्यावर गुडघा थोडा दुखला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शांत झाला, तर काळजी नाही. सुजला, गरम लागला, मध्येच अडकला, किंवा पाय लचकून एकदम सुटल्यासारखा झाला, तर चालणं थांबवून दाखवून घ्या.

पांडवलेणीला सध्या पायऱ्या चढू नका. चढणं जमून जाईल, दुखेल ते उतरताना. पायरी उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. मैत्रिणींची सोबत मात्र सोडू नका. रविवारी त्यांच्याबरोबर पायथ्यापर्यंत जा, त्या वर जाऊन येईपर्यंत खाली फाळके स्मारकाच्या परिसरात, सपाटीवर फेऱ्या मारा. खुर्चीचा व्यायाम दोन-अडीच महिने नेटाने झाला की मग एकदा अर्ध्यापर्यंत जाऊन बघा, उतरताना कठडा धरा, दुखरा पाय आधी खाली टाका. एक लक्षात ठेवा, रविवारचं चढणं हे रोजच्या दहा मिनिटांच्या जागी चालत नाही. चालल्यामुळे पेशी इन्सुलिनला जो चांगला प्रतिसाद देऊ लागतात, त्याचा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून सलग दोन दिवस चुकवायचं नाही. वर्षातून एकदा ब्रह्मगिरीची फेरी केली किंवा वणीला पायी जाऊन आलं, आणि बाकी वर्ष बसून काढलं, तर भक्ती पोचते, साखर तिथेच राहते.

ब्रह्मगिरीचा विषय निघाला म्हणून मधुमेह असलेल्या इतर वाचकांना सांगते. श्रावणातली फेरी अनवाणी करायची पद्धत आहे, पण तुमच्या तळपायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, तर ती अनवाणी करू नका. काटा रुतलेला, फोड फुटलेला कळत नाही, आणि जखम चिघळल्यावर लक्षात येतं. देवाला बूट घातलेले पाय चालतात. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात नीट बघा, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून बघा. जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी चालायला निघताना खिशात साखर, गोड चॉकलेट-गोळ्या किंवा बिस्किटं ठेवावीत. रक्तातली साखर फार उतरून घाम फुटला, थरथर सुटली तर तिथल्या तिथे तोंडात टाकावीत.

बुटांवर हजारो रुपये घालवू नका. टाचेला धरून ठेवणारा, पुढे बोटांना जागा असलेला, तळ न घसरणारा बूट पुरे. तो संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. साडी किंवा गाऊनवर बूट घालायची लाज वाटत असेल तर ती दोन दिवसांत जाते. कुत्र्यांची भीती असेल तर दिव्यांचा, दुकानं उघडी असलेला रस्ता धरा, हातात काठी असू द्या, आणि कुत्रं भुंकलं तर पळू नका. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी बोचरी असते. गार हवेने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. रात्री निघताना स्वेटर आणि कानाला रुमाल हवाच, आणि हृदयाचं दुखणं असलेल्यांनी त्या दिवसांत पहाटेऐवजी ऊन आल्यावर चालावं. पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर हट्ट नको, घरातच फेऱ्या मारा.

वजनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण महिन्याभराने काट्यावर उभ्या राहाल आणि हिरमुसाल, म्हणून आधीच सांगून ठेवते. नुसत्या चालण्याने वजन फार उतरत नाही. अर्ध्या तासाच्या चालण्यात जेवढी ऊर्जा खर्च होते, तेवढी मिसळीबरोबर घेतलेल्या जिलबीच्या एका-दोन वेढ्यांत परत येते. रविवारची मिसळ सोडा असं मी म्हणणार नाही, नाशिकमध्ये ते सांगणं अन्यायच होईल. जिलबी सोडा, पाव एक कमी करा, मटकी जास्त घ्या. वजनाचा काटा हलला नाही तरी साखर, रक्तदाब आणि झोप यांत फरक पडतो, आणि कमरेचा घेर हळूहळू कमी होतो. नाडीची गाठ कुठे बसते ते बघा.

तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये परत एचबीएवनसी करा. त्याआधी नको, कारण ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, आणि मध्येच केली तर निम्मा हिशेब जुन्या दिवसांचा येईल. रक्त कमी असेल, हिमोग्लोबिन उतरलेलं असेल, तर हा आकडा फसवा येऊ शकतो. तेव्हा बरोबर हिमोग्लोबिनही तपासून घ्या. 6.2 चे 5.9 झाले तरी ती मोठी गोष्ट आहे. तेवढेच राहिले तरी निराश होऊ नका, चढत जाणारा आकडा थांबला हेही काम झालं. आणि वाढलेच, तर डॉक्टर गोळी देतील ती मुकाट्याने घ्या. ती सुरू झाली म्हणजे चालणं वाया गेलं असं मुळीच नाही, गोळीबरोबरही रात्रीची दहा मिनिटं तशीच ठेवायची.